उंबऱ्याची दांडी

माय, आज धाड गावाला जाऊन आले. तिथं एक भाजीवाली आहे, तुझ्यासारखीच अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. तिला व्यायाम शिकवायला आरोग्य खात्याकडून मी आणि दारात आधाराची दांडी बसवायला समाजकल्याणचा मिस्त्री, एकाच जीपमधून गेलो. दोन्ही खात्यांनी यंदा पैसा एकत्र ठेवलाय, म्हणून हे जमलं. त्यासाठी मी बैठकांमध्ये किती भांडले म्हणून सांगू! तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

दवाखान्यात तू चालायला लागली होतीस. गुळगुळीत फरशीवर, वॉकर धरून, नर्सबाईंवर रुबाब करत. घरी आणलं आणि आपल्या उंच उंबऱ्याशी गाडी अडली. दवाखाना म्हणाला, घराचं आमच्याकडे नाही. समाजकल्याणमध्ये म्हणाले, आधी उपचार संपू द्या. बाबांनी बांबू बांधला, तो तुझ्या भारानं हलला, तू पडलीस. त्यानंतर तू त्या उंबऱ्याला पाय लावलाच नाहीस. मी तणतणत होते आणि तू खाटेवरून म्हणतेस, "दोन पोरांत वाटलेल्या म्हातारीसारखी गत झाली माही. याले वाटते तिकडं जेवली असन, त्याले वाटते इकडं जेवली असन. तू काऊन चिडून राह्यली वं?" मला तेव्हा हसू आलं नाही, आजही येत नाही. तुझा आठवडी बाजार तेव्हा सुटला तो सुटलाच.

आज मिस्त्रीनं दांडी पक्की केली, वर स्वतः लोंबकळून पाहिलं. भाजीवालीची सून धरायला धावली, तर ती म्हणाली, "सोड वं, मले माह्या हातानं पाहू दे." डाव्या हातानं दांडी धरून तिनं आधी चांगला पाय बाहेर टाकला, मग दुसरा ओढून घेतला. अंगणात उभी राहून पहिलं काय विचारलं असेल? "आज बाजार भरला का?" माझे डोळे भरून आले. मिस्त्रीनं दुसरीकडे पाहिलं, भला माणूस.

येताना त्याला आपल्या दाराचं माप दिलं. ही दांडी माझ्या पगारातून. बाबांनी विचारलं, कशाला गं? मी म्हणाले, तुमच्या म्हातारपणाला लागेल. त्यांना ते पटलं. पण खोटं बोलले मी, माय. दांडी तुझ्यासाठी आहे.