टिटवीवरच्या बॅटऱ्या

१२ ऑक्टोबर, रवि.

मगदल्ल्याच्या धक्क्यावरून वॉचमनचा फोन. "मॅडम, नाव में पानी भर रहा है. फर्श के ऊपर आ गया."

टिटवीच्या, आमच्या नावेच्या, तळात थोडं पाणी झिरपतंच. एरवी पंप आपोआप काढून टाकतो. पण पंप बॅटरीवर चालतो, आणि बॅटऱ्यांच्या तारा जुलैत पोलिसांनी सोडवल्या त्या तशाच. आता नवीन बसवा, नाहीतर बांधल्या जागी बुडू द्या.

श्री नाश्त्याला बसला होता. म्हणाला, "कोणाचा फोन? हेमंतचा?"
"नाही."
"आला नाही अजून?"
"अजून नाही."

हॉस्पिटलमधून आणल्यावर दोनदा खरं सांगितलं होतं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय असा रडला, आणि संध्याकाळी पुन्हा दाराकडे बघत बसला. तेव्हापासून "अजून नाही".

१४ ऑक्टो., मंगळ

शाळा सुटल्यावर उधन्याहून परस्पर धक्क्यावर. जुलैनंतर पहिल्यांदा नावेत पाय ठेवला. हातपंपाने पाणी उपसलं, खांदे गेले. वॉचमन खाली उतरायला तयार नाही. वरूनच बादली घेत होता. त्या सकाळी झाकण उघडणारा तोच.

बाकाखाली चार बॅटऱ्या. तिसरी पोट फुगलेली, कडेने चिरलेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी समजावलं होतं ते तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. आज समोर बघून कळलं. तिसरीचा एक कप्पा आतून बिघडला. चार्जरला वाटलं बॅटरी रिकामी आहे. तो वीज ढकलत राहिला. आतलं ॲसिड उकळायला लागलं, वायू सुटला. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, मग नाकच मरतं, वास येईनासा होतो. बाहेर पाऊस आणि डास, म्हणून सगळं बंद. हेमंतभाई त्याच बाकावर झोपलेले. श्री पुढच्या खोलीत, तिथलं झाकण बोटभर उघडं. तेवढ्या फटीने वाचला.

वाचला म्हणायचं.

१७ ऑक्टो., शुक्र

ज्योत्स्नाबेनकडे, हेमंतभाईंच्या घरी, गेले. नाव श्री आणि हेमंतभाई दोघांची होती, म्हणजे आता निम्मी त्यांची. हेमंतभाईंच्या फोटोला ताजा हार. घरात दुसरं काही हललेलं दिसलं नाही, त्यांच्या चपलासुद्धा दारातच.

बॅटऱ्या बदलायचं म्हटलं. "करो भाभी, बुडवायची नाही. एमनी हती." म्हणजे, त्यांची होती ती. मग मराठीत, माझ्यासाठी सावकाश, "मला एक सांगा. वास आला असेल ना त्यांना? दोघांमधून कोणीतरी काही बोललं असेल. चार्जर चालू का ठेवला? मी श्रीभाईंना दोष देत नाही. मला फक्त ती रात्र पाहिजे. माझ्याकडे नाही ती."

श्रीकडेपण नाही. तसं सांगितलं. मान हलवली. विश्वास बसला की नाही कळलं नाही.

१८ ऑक्टो., शनि.

डॉक्टरीणबाई म्हणतात, न्या त्यांना नावेवर. मेंदूला हवा कमी पडली, नवीन काही टिकत नाही. पण हातांची सवय वेगळ्या जागी असते. वीस वर्षं सचिन गावातल्या कारखान्यात मेंटेनन्स केलेला माणूस, पाना हातात द्या. एकच लक्षात ठेवा. "ते जे सांगतील ते सगळं खरं धरू नका. खोटं बोलत नाहीत. मोकळी जागा भरतात."

आईंना सांगितलं. भांडं आपटलं. "ती नाव इकी टाक व माय. तिनी मना पोर खाई टाका." आणि नावावरून पुन्हा तेच, टिटवी वरडनी का घरनं मानूस जास. हेमंतभाईंनी हौसेने ठेवलेलं नाव. गुजरातीत टिटोडी, तिची अंडी बघून पाऊस सांगतात. तिकडे शुभ, इकडे अशुभ. आईंना काय सांगू.

२१ ऑक्टो., मंगळ

दिवाळी. पणत्या नाहीत. शेजारच्यांनी घारी आणून दिली. श्रीने हेमंतसाठी अर्धी बाजूला काढून ठेवली.

२५ ऑक्टो., शनि.

श्रीला नेलं. धक्क्यावर माझा हात सोडला आणि भरतीचा अंदाज घेऊन बरोब्बर पाय टाकला. मीच घसरले.

खाली उतरला. तो बाक बघितला. काहीच नाही. फळी उचलली, बॅटऱ्या बघितल्या आणि चिडला. "काय ही दशा! कोणी बघत नाही का इथं?" हातमोजे मागितले. "आधी उणे काढायचं. मग अधिक. नीट बघ." मी बघितलं. लग्नाआधी मला सायकल शिकवताना असाच आवाज होता.

दोन मजुरांनी जुन्या बॅटऱ्या वर चढवल्या. तिसरीतून पिवळट पाणी गळत होतं. श्रीने त्यावर सोडा टाकला, फसफसलं. "हेमंतला सांग दोरी धरायला." मजुरांपैकी एकाने मुकाट्याने धरली.

परतताना गाडीत, "आज कुठं गेलो होतो?"

२९ ऑक्टो., बुध

नवीन सामान आलं. लिथियमच्या दोन, वजनाला निम्म्यापेक्षाही कमी. चार्जर त्यांना चालणारा, बॅटरी तापली तर स्वतःहून थांबणारा. दुकानदार म्हणाला, या जातीत तो वायूच नाही. तरी मी ठरवलंय, झोपायच्या जागेखाली काही ठेवायचं नाही. मागे सुकाणूजवळ पेटी आहे, तिला जाळी लावून तिथं. तार लांब लागेल, जाड लागेल. लागू दे.

हे सगळं मी शिकतेय. चौथीला गुणाकार शिकवणारी बाई.

१ नोव्हेंबर, शनि.

डावा हात भाजलाय. कोपराने कागद धरून लिहितेय.

सकाळी चांगलं चाललं होतं. श्रीने पेटीत फळ्या बसवल्या, तारांना टोकं दाबली, इतकी नेटकी की बघत राहावं. बॅटऱ्या ठेवल्या. एक तार घट्ट करता करता थांबला. वर आकाशात बघायला लागला, बगळे चालले होते. हातातला पाना सोडला. तो आडवा दोन्ही टोकांवर पडला.

एवढा मोठा लखलखाट. धाड असा आवाज. पाना तिथंच चिकटून लाल. मी ओढून काढला, तेव्हा तळवा गेला. विचार नाही केला. केला असता तर लाकूड घेतलं असतं.

श्री माझा हात बघून हबकला. पाणी आणलं, फुंकर घातली. मग पेटीकडे बघून विचारलं, "हे कोणी केलं?"

रागाने नाही. खरंच विचारत होता.

तेव्हापासून एकच घोळतंय. जुलैत तो बरा होता. असं काही करणारा नव्हता. मी चोवीस वर्षं बघितलाय त्याला. पण तरी.

२ नोव्हें., रवि.

आईंनी हाताला कोरफड लावली. लावून झाल्यावर माझा हात तसाच मांडीवर धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुले काही व्हई गये तं त्याले कोन दखी?"

खरंय. त्याच्याकडे कोण बघणार.

८ नोव्हें., शनि.

झालं. उरलेलं मी केलं, श्री सांगत गेला. तो सांगेल ते आधी पुस्तिकेत ताडून मगच. त्याला कळू न देता. फ्यूज, मग बटण. चार्जरचा हिरवा दिवा लागला. तळातला पंप घुरघुरला आणि पाणी बाहेर पडायला लागलं. श्रीने टाळी वाजवली.

ओहोटी लागली होती. चिखल उघडा पडला, खाडीला नेहमीचा घाण वास सुटला. मी नाकाला पदर लावला. श्री पायरीवर बसला होता. म्हणाला,

"हेमंतपण असाच करतो. म्हणाला, श्री, सडक्या अंड्यासारखा वास येतोय. मी म्हटलं, खाडीचा आहे रे, ओहोटी आहे. झोप."

मी विचारलं, "कधी म्हणाला?"

"आत्ताच. परवा."

"मग?"

"मग झोपला."

पुढे विचारवेना. तो शांतपणे हात पुसत होता.

९ नोव्हें., रवि.

झोप नाही. सकाळी चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं, नावेवर हेमंतभाईंना कसला वास आला होता? "वास? हेमंतला सर्दी आहे." दुपारी पुन्हा विचारलं. "चार्जर मी बंद केला होता," म्हणाला. मी चार्जरचं विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना फोन. म्हणाल्या, खाडीच्या वासाने खरी आठवण वर आली असेल. किंवा त्या वासाने आठवण तयारही झाली असेल. बाहेरून ओळखता येत नाही. आतूनही नाही.

आता ती रात्र माझ्याकडे आहे. की नाही?

खरी असेल तर श्री वाईट ठरतो का? खाडीला वास येतोच. मीही तेच म्हटलं असतं. कोणीही म्हटलं असतं, खाडीचा आहे, झोप. पण ज्योत्स्नाबेनला "कोणीही" नाही ऐकायचंय.

१६ नोव्हें., रवि.

ज्योत्स्नाबेन नावेवर आल्या. त्यादेखील तेव्हापासून पहिल्यांदा. खाली उतरून त्या बाकावर बसल्या, तळहात गादीवर ठेवून. मी नवीन पेटी दाखवली, जाळी दाखवली. सगळं नीट ऐकलं, मधे मधे "हं" करत.

श्री आला. त्यांना बघून चेहरा उजळला. "भाभी! हेमंत क्यां छे?"

सांगून ठेवलं नव्हतं त्यांना, आम्ही काय उत्तर देतो ते.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आवे छे, भाई. जरा मोडुं थशे." येतोय, जरा उशीर होईल.

श्री समाधानाने वर गेला. त्या तोंडाला पदर लावून रडल्या, आवाज न करता, तो वर ऐकेल म्हणून. मी पाठीवर हात ठेवला, पट्टीवालाच.

डोळे पुसून झाल्यावर विचारलं, "काही आठवलं त्यांना? इतके दिवस इथं काम केलं, काहीतरी बोलले असतील."

नाही म्हणता आलं असतं. सोपं होतं.

"बोलला. पण ते खरं की नाही, मला कळत नाही. डॉक्टरलापण कळत नाही."

"तुम्ही सांगा फक्त. खरं की खोटं, ते मी बघीन. माझा माणूस होता."

वर श्री कुठलंतरी गुजराती गाणं गुणगुणत दोर गुंडाळत होता. त्याच्या पायांचा आवाज आमच्या डोक्यावर, इकडून तिकडे.

"इथं नको," मी म्हटलं. "बुधवारी घरी येते."

मान हलवली. जाताना श्रीला नमस्कार केला, त्यानेही केला.

बुधवारी शाळा सुटल्यावर. श्रीला आईंजवळ ठेवून. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, वासाचं, सर्दीचं, बंद केला होता म्हणाला तेही. आणि पान्याचं? ते यात येतं का? आणि त्यांनी पहिलंच खरं धरलं तर त्या पुन्हा कधी श्रीला "आवे छे" म्हणतील का? तरी जायचंच.