वेंडेलच्या हातात फुटलेला कप

मी, ऑर्व्हिल टी. हॅस्केट, वय एक्याऐंशी, निवृत्त शाळामास्तर, राहणार हिकरी बेंड, आर्कान्सा, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. निर्णय पक्का आहे. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे, ज्यांत माझा मुलगा वेंडेल याचे नाव नव्हते, रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगी लोरीन हिला. स्वयंपाकघरातील पडदे तिने खुशाल बदलावेत. मला ते कधीच आवडले नाहीत. तिच्या आईने शिवले होते म्हणून राहिले.

२. गॅरेजमधील सर्व सामान वेंडेलला : मासेमारीची मऊ प्लास्टिकची आमिषे ओतण्याचे अठ्ठावीस साचे, रंगांच्या बाटल्या आणि प्लास्टिक वितळवण्याचा जुना मायक्रोवेव्ह. त्यात अन्न कधीही गरम करू नये.

३. काचेचे चार कपही वेंडेललाच. ते बोरोसिलिकेट काचेचे असून प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्याकडून घेतलेले आहेत. प्लास्टिक साडेतीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत तापवावे लागते. कपावर नुसते 'ओव्हनमध्ये चालेल' असे लिहिलेले असणे पुरेसे नाही. गरम कप सिमेंटवर किंवा ओल्या फडक्यावर टेकवू नये, कोरड्या फळीवर ठेवावा. ढवळण्यास लाकडी काडीच घ्यावी; धातूच्या चमच्याने ओरखडा पडतो आणि तापलेली काच तेथूनच फुटते. काठाचा टवका उडालेला किंवा तळाला ओरखडा पडलेला कप त्याच दिवशी टाकून द्यावा.

४. खालच्या खणात, रुमालात, काचेचा एक तुकडा आहे. तोही वेंडेलचा. मार्च १९९६ मध्ये, हा तुकडा ज्याचा, तो कप त्याच्या हातात फुटला आणि तापलेले प्लास्टिक डाव्या तळहाताला चिकटले. दोन बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. दवाखान्याच्या दारात मी सर्वांदेखत ओरडलो, "शंभरदा सांगितलं, आत चमचा घालू नकोस म्हणून!" तो एवढेच म्हणाला, "डॅडी, माझ्या हातात काडीच होती."

तुकड्यावर चमच्याचा ओरखडा आहे. चमचा मी घातला होता, आदल्या आठवड्यात, काडी शोधण्याचा कंटाळा केला म्हणून. ओरखडा मला दिसला होता. तरी कप मी फळीवर परत ठेवला.

त्याच वर्षी वेंडेल गाव सोडून गेला.

५. माझ्या मृत्यूनंतरच्या, बास मासे पकडण्याच्या पहिल्या स्पर्धेच्या दिवशी, धक्क्यावर मासे तोलण्यास आरंभ होण्यापूर्वी, कलम चार मोठ्याने वाचावे. "चमचा आणलास का रे?" असे विचारून ज्यांनी वेंडेलची थट्टा केली, ते सर्व तेथे असतील.

६. साक्षीदारांस काही देणे योग्य नव्हे. त्यांपैकी हबर्ट यास तसेही काही मिळाले नसते. उसना नेलेला होडीचा नांगर त्याने परत करावा.

पुरवणी, त्याच दिवशी. शेजारीण व साक्षीदार मोझेल क्रम्पलर यांनी वरील मजकूर वाचून पेन खाली ठेवले.

"हे तू मेल्यावर आम्ही वाचायचं? तुला जीभ आहे ना अजून? आधी पोराला फोन लाव, मग सही करते."

"त्यानं उचलला नाही तर?"

"परत लाव. मला कुठं जायचंय? हबर्ट, कॉफी ठेव. आणि नांगराचं ऐकलंस ना?"

वेंडेलने दुसऱ्या वेळी फोन उचलला. मी कलम चार शब्दशः वाचले. तो मग म्हणाला, "शनिवारी येतो, डॅडी. पण आमिषं ओतायला कप माझा मी घेऊन येईन."

सबब कलम पाच रद्द. ते वाचन येत्या शनिवारच्या स्पर्धेत, मासे तोलण्यापूर्वी, मी स्वतः उभा राहून करीन.

(सही) ऑर्व्हिल टी. हॅस्केट

आम्हां दोघांच्या समक्ष सही झाली :
१. मोझेल क्रम्पलर
२. हबर्ट स्टिगॉल (नांगर उद्या आणतो.)

हिकरी बेंड, मंगळवार, १९ मार्च २०२४