रुपरावांच्या बगिच्यातले नऊ पिक्सेल

२ जानेवारी. सकाळी ६.१०
नवी वही. संकल्प एकच: या वर्षी घाई करायची नाही.

तीन वर्षांपूर्वी मी ढगाची सावली तलावावरचे अतिक्रमण म्हणून कळवली होती. बातमी पेपरात आली, गावात गोंधळ उडाला. तेव्हापासून ऑफिसात मला ढगसाहेब म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर फक्त वर बघून हसतात.

काम चांगले आहे. कळमेश्वरच्या पलीकडे एका कंपनीने काळ्या पाषाणात खोल भोक पाडून त्यात कार्बन डायऑक्साइड कोंबला आहे. प्रयोग. तो वर येतो का, हे आम्ही नागपुरात बसून उपग्रहाच्या चित्रांवरून पाहायचे. वायू चित्रात दिसत नाही, झाडे दिसतात. मुळांशी वायू साचला की पाने आजारी पडतात, आणि ते माणसाच्या आधी उपग्रहाला कळते. एवढेच शास्त्र. बाकी संयम.

१३ जानेवारी
भोकापासून सहाशे मीटरवर एक संत्र्याचा बगिचा. त्याच्या पूर्व कोपऱ्यात नऊ पिक्सेल फिके. एक पिक्सेल म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर.

मन म्हणाले, गळती! मी मनाला म्हणालो, दुर्गेश, तुझी सासुरवाडी काटोलची आहे हे विसरलास? आंबिया बहार घ्यायचा असला की संत्रावाले डिसेंबरात झाडांचे पाणी तोडतात. बगिचा ताणावर सोडतात. झाड घाबरते आणि फुलते. म्हणजे हा आजार माणसाने मुद्दाम दिलेला.

आमच्या प्रमुख अरुंधती मॅडमना हे माहीत नव्हते. 'वा' म्हणाल्या. आठ वर्षांत माझ्या कामावर त्यांचा हा पहिला 'वा'. मी नोंद केली: 'कृषी कारण संभाव्य.' स्वतःच्या हाताने, निळ्या शाईत.

२१ फेब्रुवारी
ताण तोडून पाणी सोडल्याला महिना झाला असावा. सगळा बगिचा हिरवागार. कोपरा फिका. आता चौदा पिक्सेल.

ठिबकची नळी चोंदली असेल. बायकोला, मयुराला, जेवताना सांगितले. ती म्हणाली, "मग फोन करून विचारा ना त्यांना. फोनले काय करंट लागते?" मी समजावले की आपण सुचवून विचारले तर समोरच्याचे उत्तर दूषित होते. ती म्हणाली, "भाजी घ्या."

८ मार्च
कंपनीचा आमच्याशी करार ३१ मेला संपतो. नूतनीकरण होईल असे मॅडम म्हणतात, 'काही विपरीत घडले नाही तर.' याचा त्या कोपऱ्याशी काही संबंध नाही. मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका नको.

२७ मार्च
तेवीस पिक्सेल. नियम ठरवला: लागोपाठ तीन स्वच्छ चित्रांत कोपरा फिका दिसला तर रिपोर्ट. कुणाचाही विचार न करता.

दोन मिळाली. तिसऱ्यात नेमका त्या कोपऱ्यावर ढग. ढगाच्या बाबतीत मी धोका पत्करणे बरे नव्हे. मोजणी पुन्हा एकपासून.

१२ एप्रिल. दुपारी
स्वतः जाऊन आलो. ऑफिसात बसून अंदाज करणाऱ्यांतला मी नाही.

बगिचा रुपरावांचा. पन्नाशीचे, उंच, फार हसतात. मी ताणाचे विचारले. म्हणाले, "तान कायचा जी? जानेवारीतच पानी सोडलं. बाकीचे झाडं फुलले, फळ धरलं, अन् हे कोपऱ्यातले पानी पिऊनही उपाशी दिसून राहिले." मी विचारले, मग मृगाचा, म्हणजे पावसाळी बहाराचा, ताण दिला असेल? म्हणाले, "साहेब, एकाच झाडाले दोन बहार मागाचे म्हणजे एकाच सुनेले दोन सासवा." आणि हसले. विनोदी माणसाच्या साक्षीला किती वजन द्यावे हा प्रश्नच आहे.

त्या कोपऱ्यात विहीर आहे. पन्नास फूट खोल. वारा पडलेला. ऑफिसचा कार्बन डायऑक्साइड मीटर सवयीने सोबत नेला होता. कठड्यावरून तो आत धरला, आणि मीटर कोकलायला लागला. रुपरावांच्या पत्नी प्रेमिलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. "काहून कोकलून राहिली जी मशीन?" मी म्हणालो, बॅटरी. त्या म्हणाल्या, "आमची सासू बी असंच कोकले. तिले तर बॅटरीही नव्हती." मी मीटर बंद करून खिशात टाकला. चहा चांगला होता.

१३ एप्रिल. सकाळी ५.५०
स्वतःला विचारले: काल मी खोटे बोललो का?

नाही. मीटरच्या कॅलिब्रेशनची मुदत ३१ मार्चला संपली आहे. म्हणजे बारा दिवस तो मीटर नाहीच, नुसता डबा आहे. मुदत संपलेल्या उपकरणाचा आकडा सांगणे हेच खोटे ठरले असते. म्हणून रुपरावांना सांगितला नाही, मॅडमना सांगितला नाही, इथेही लिहीत नाही. लक्षात मात्र आहे.

मीटर उद्याच कॅलिब्रेशनला पाठवतो. सहा आठवडे लागतील. बॅटरी चार्ज करून पाहिली. भरलेलीच होती.

२ मे
रुपरावांचा फोन. "साहेब, विहिरीतला गाळ काढाचा आहे. अकरा तारखेले, रविवारी, मीच उतरून राहिलो. तुमच्या रिपोर्टाचं काही निघालं काय?" मी म्हणालो, रिपोर्ट प्रक्रियेत आहे. "बरं, मंग उतरतो." मी म्हणालो, तो वेगळा विषय आहे. त्यांनी विचारले, कोनता? मी म्हणालो, नंतर बोलू.

एकतीस पिक्सेल.

५ मे
मॅडमना मेल लिहायला घेतला. 'विहिरीत धोका आहे' हे आपल्याजवळच्या पुराव्यापलीकडचे विधान. 'धोका संभवतो' केले. मग 'धोका संभवत नाही असे म्हणता येत नाही.' हे निर्दोष आहे. मयुराला वाचून दाखवले. म्हणाली, "म्हणजे त्यानं उतराचं की नाही?" मी म्हणालो, तो निष्कर्ष वाचणाऱ्याने काढायचा असतो.

९ मे
मसुदा सातवा. तीन तळटिपा. शनिवार-रविवार मॅडम मेल पाहत नाहीत, आणि शेतकऱ्यांना परस्पर काही कळवू नये असे करारात कलम आहे. सोमवारी पहिले काम हेच.

रविवारी विहीर. सोमवारी मेल. ही दोन वाक्ये शेजारी लिहिली की बरी दिसत नाहीत.

१० मे. संध्याकाळी ६
कलम बाजूला ठेवून रुपरावांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. खरे लिहायचे तर हायसे वाटले. तिसऱ्यांदा लावला असता तर मी घाबरलो आहे असे वाटले असते, आणि घाबरलेल्या तज्ज्ञामुळे गावात काय होते हे मी अनुभवले आहे.

दोनदा प्रयत्न केला याची नोंद असावी.

११ मे. दुपारी १२.३०
सकाळी पाचपासून फोन समोर घेऊन बसलो होतो. लावला नाही. नऊ चाळीसला तोच वाजला. बाईचा आवाज. मी उभा राहिलो, आणि मला दुसरे काही ऐकू येईना. त्यांना दोनदा विचारले, रुपराव कुठे आहेत? "हे काय, बाजेवर बसले. बोलत नाही कोनासंग."

प्रेमिलाबाईंनी सांगितले ते असे. त्यांच्या सासऱ्याचा दंडक होता: विहिरीत कोणीही उतरायचे तर आधी पेटता कंदील उतरवायचा. दोराने सोडला. पंधरा फुटांवर विझला. रुपराव म्हणाले, वात जुनी आहे. नवी वात घातली. तिथेच विझला. रुपराव म्हणाले, काच फुटकी आहे, हवा लागली. शिडीवर एक पाय ठेवलासुद्धा. "मंग मी त्याइचा शर्ट धरला अन् मांगं ओढलं. फाटला. नवा होता."

मग म्हणाल्या, "साहेब, त्या दिवशी तुमची मशीन याच जागी कोकलली होती ना? काय म्हने ते?"

मी आकडा सांगितला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा उच्चारला. माणूस त्यात किती वेळ टिकतो तेही सांगितले.

त्या म्हणाल्या, "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

मी कॅलिब्रेशनचे सांगितले. मशीन खरे बोलते का हे दरवर्षी तपासावे लागते, त्याचा कागद असतो, तो कागद संपला होता. त्यांनी नीट ऐकून घेतले. म्हणाल्या, "आमच्या कंदिलाले कागद नाही जी." फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

दहा वाजता मॅडमना फोन केला, मग मेल. चार ओळी. तळटीप नाही.

२८ मे
कंपनीने भोकात वायू कोंबणे थांबवले आहे. गावातल्या विहिरींवर जाळ्या बसल्या. करार आहे तसा पुढे चालू. मॅडम म्हणाल्या, लवकर सापडले म्हणून कंपनी आपल्यावर खूश आहे.

घटनाक्रमाचा तक्ता मीच केला. पहिला रकाना तारीख, मग निरीक्षक, मग उपकरण. १३ जानेवारी: 'कृषी कारण संभाव्य', माझे नाव, उपग्रह. ११ मे: प्रेमिलाबाई, कंदील. १२ एप्रिलची ओळ तीनदा लिहिली, तीनदा खोडली.

आज मीटर परत आला. प्रमाणपत्रात शेरा आहे: 'उपकरण आले तेव्हा अचूक होते. दुरुस्ती केली नाही.'

प्रमाणपत्र फाइलला लावले. आता फाइल पूर्ण आहे.