दहा काड्यांची कोंबडी

अष्टमी, रोहा
मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी १९९६

ती. नथानियलदादास,

सिपोराचा कृतानेक शालोम. तुझी पाठ, वहिनीचं ब्लडप्रेशर आणि तिकडची थंडी, तिन्ही एव्हाना ताळ्यावर आली असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल नाही ती फक्त न्हाणीघराची खिडकी, तिचं पुढे येईलच.

तुझं जाडजूड पाकीट मिळालं. बाबांच्या वर्षाला येतो येतो असं तू सलग चार वर्षं लिहिलंस, आणि या खेपेला तुझ्याऐवजी कोंबडीची कृती आली. तुमच्या शेतावर मिरच्या तोडणारे थायलंडचे मजूर दुपारच्या सुट्टीत बांबूच्या काड्यांवर कोंबडी भाजतात आणि शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खातात, हे तू तीन पानं भरून लिहिलंस. (बाबांबद्दल दोन ओळी. त्यातली एक अर्धी.) पण कृती वेळेवर आली, हे मान्य करते. दहा पुरुष जमल्याशिवाय गेलेल्या माणसाच्या नावाचा कद्दीश म्हणता येत नाही, आणि गेल्या वर्षी सातच जमले होते. सातांनी पोटभर मलिदा खाल्ला, ढेकर दिले आणि बाबांच्या नावाने कद्दीश न होताच सगळे घरी गेले. ते माझ्या मनाला फार लागलं होतं. पेण, रोहा, नागोठणं सगळं धुंडाळलं तरी आपली यहुदी माणसं आता राहिलीत किती, आणि जी आहेत त्यांना दरवर्षी तेच नारळाच्या रसातलं चिकन दाखवून किती वेळा बोलावणार? म्हणून सॅमसनने (माझा नवरा, इतक्या वर्षांत विसरला असशील म्हणून लिहिते) जिकडेतिकडे सांगून टाकलं की नथानियलने खास थायलंडचा पदार्थ शिकवलाय, रविवारी चार वाजता या.

रविवारी सकाळी प्रार्थना चालवणारे आपले हजान एझ्राकाका पेणहून पहिल्या एस.टी.ने सुरी घेऊन आले आणि कोंबड्या कापून झाल्यावर माझ्या मानगुटीवर बसले. तुझ्या कृतीत माशाचं खारं पाणी घालायला सांगितलंय ते ऐकल्याबरोबर त्यांनी, मांसाला मासळी लावायची नाही, असं फर्मावलं. मी मीठ घातलं. परसातला सगळा गवती चहा ठेचून कोंबडीला चोळला, त्यामुळे सॅमसनला दोन दिवस नुसता चहा मिळतोय आणि तो त्यावरून कुरकुरतोय. शेंगदाण्याची चटणी तू लिहिलीस तशी घट्टसर झाली, मग घट्ट झाली, मग तिच्यात डाव उभा राहिला. (उरलेल्या चटणीने सॅमसनने पन्हळीचं भोक बुजवलं. अजून गळलेली नाही.) भाजायला जाळी नव्हती म्हणून त्याने न्हाणीघराच्या खिडकीची काढली. तेव्हापासून आमच्या घरात एकाने अंघोळ करायची आणि दुसऱ्याने बाहेर चादर धरून उभं राहायचं अशी पद्धत पडली आहे. काड्या मात्र झकास होत्या. नदीकडच्या वाडीतला काळू, जो आपल्याकडे मासळी घेऊन येतो, त्याने बांबू तासून दिल्या. पहिली कोंबडी निखाऱ्यावर चढलेली बघून तो म्हणाला, "यात परदेशाचं काय हाय गो बाय? आमी नदीवर मासे असेच तर भाजतो." तीन पानं, दादा. तीन पानं लिहिलीस तू.

चारला माणसं जमू लागली. ओटीवर काही, अंगणात काही, दोघे धूर चुकवायला विहिरीपाशी. कोलाडहून आपल्या तामारचा नवरा यायचा होता, तो आला की दहा भरणार होते. तो काही येईना. पावणेपाच झाले, एझ्राकाका घड्याळाकडे आणि जाळीकडे आळीपाळीने बघू लागले (घड्याळाकडे कमी). पेणच्या मंडळींना गाडी पकडायची होती. शेवटी काकांनीच तोड काढली, की माणसं धरून ठेवायला एकेकाला एकेक काडी द्या, बाकीच्या प्रार्थनेनंतर. आपल्यात माणसं एक, दोन, तीन करून मोजत नाहीत, तुला आठवतच असेल. बाबा "एक नव्हे, दोन नव्हे" असं मोजायचे. सॅमसनला यात भलतीच युक्ती सुचली. त्याने ओटीवर केळीचा खुंट ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की खाऊन झालं की रिकामी काडी यात खोचायची, म्हणजे माणसं न मोजता मोजली जातील. थोड्या वेळाने त्याने वाकून पाहिलं, तर खुंटात दहा काड्या. तामारचा नवरा आलेला दिसतोय, मागे हात धूत असेल, असं म्हणून तो एझ्राकाकांना म्हणाला, "काका, दहा हाएत. चालू करा."

आणि दादा, कद्दीश झाला. बाबांचं नाव काकांनी असं खणखणीत घेतलं की विहिरीवरचे कावळे उडाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला रडू आलं, आणि सगळ्यांना मी धुराचं कारण सांगितलं. नंतर उरलेल्या काड्यांवर मंडळी अशी तुटून पडली की पेणची गाडी चुकली ती चुकलीच. तुझं नाव गावभर झालंय. वहिनीला नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

तुझी धाकटी बहीण,
सिपोरा

ता. क. चटणीत पाणी किती ते कळव. आता कळून उपयोग नाही, तरी कळव.

ता. क. २. तामारचा नवरा रविवारी आलाच नव्हता. सोमवारी सकाळी आला, वाटेत ट्रक आडवा झाला होता म्हणत. सॅमसन पहिल्या शिफ्टला गेला होता. मी त्याला उरलेल्या चार काड्या वाढल्या आणि म्हटलं की तू काल आला होतास. तो भरल्या तोंडाने म्हणाला, "व्हय, आलो होतो."

ता. क. ३. दहावी काडी माझी होती. मीठ बघायला एक खाल्ली, हात बरबटलेले होते म्हणून जाताजाता खुंटात खोचली. तेव्हा मनात काही नव्हतं, शपथ. सॅमसन दहा म्हणाला तेव्हा मात्र सगळं ध्यानात आलं, आणि मी तोंड उघडलं नाही. बाईमाणूस दहात धरत नाहीत हे मला ठाऊक आहे. बाबांना शेवटचे आठ महिने मी भरवत होते, तेव्हाही कोणी मोजत नव्हतं. एझ्राकाकांना लिहू नकोस, म्हातारा अंथरूण धरील. पुढच्या वर्षी कृती पाठवू नकोस. तू ये. मी माझी काडी चुलीत टाकीन.