साडेबाराची टिंग

३ एप्रिल २०२५, गुरुवार

घेऊ की नको? दुसऱ्या एका बँकेतून परत फोन — "पुनम मॅडम, क्रेडिट कार्ड मंजूर झालंय, फक्त हो म्हणा." मला कुणी मॅडम म्हटलं की मी अर्धं 'हो' म्हणूनच टाकते!

खरं तर डेबिट कार्डावर बरं चाललंय. दुपारी चष्म्यांच्या दुकानातून सुटायचं, अमृतभाऊंच्या खानावळीत कार्ड लावायचं, ताट घ्यायचं. मोबाईलवरून पैसे पाठवायची मी धास्तीच घेतलीय. एकदा दुकानाच्या फोनवरून चुकून कुण्या छगनला चारशे गेले. त्याने उलट "धन्यवाद ताई" पाठवलं.

पण बँकेवाली म्हणाली, क्रेडिटवर पॉइंट मिळतात आणि पॉइंटांवर विमानाचं तिकीट. तेव्हापासून चष्मे पुसता पुसता मी जमिनीवर नाही. गावी चोपड्याला आमच्या केळीच्या बागेवरून जळगावचं विमान जातं. आई कितीही कामात असो, मान वर करते. दिसेनासं होईपर्यंत बघते. मग म्हणते, "काय करनं शे आपले!" आणि परत खाली वाकते.

४ एप्रिल

फुलचंदशेठना विचारलं. दुकान त्यांचं, सल्ला फुकट. "बेटा, डेबिटमध्ये आपला पैसा जातो, झोप शाबूत राहते. क्रेडिटमध्ये बँकेचा जातो. तारीख चुकली की झोप पण जाते."

पॉइंटांचा अंदाज काढला. दोन तिकिटांना तीन वर्षं! शेठ पोट धरून हसले — "तीन साल घासशील, तेव्हा एकदा उडशील!"

उडेन की.

७ एप्रिल

हो म्हटलं.

१५ एप्रिल

कार्ड आलं. निळं आहे. आता सगळं याच्यावरच — जेवण, किराणा, पेट्रोल. डेबिट कार्ड कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं. बिल आलं की त्याच दिवशी भरायचं, शेठना हसायला जागा द्यायची नाही.

२० एप्रिल, रविवार

आईशी रविवारचं बोलणं. गाय व्याली, केळीला पाणी बरं आहे, वगैरे. मग एकदम — "जेवस ना येळवर?"

इतरांच्या आया फोनवर पहिलं हेच विचारतात. मी धुळ्याला आल्यापासून सात वर्षांत माझ्या आईने कधी विचारलं नव्हतं. मनातून लागायचं मला ते. आज विचारलं तर किती बरं वाटलं! दिवसभर गुणगुणत होते.

२५ एप्रिल

पॉइंट — एकशे बारा. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

पहाटे स्वप्न पडलं. विमानाची खिडकी उघडी. आई हात बाहेर काढून ढग चिमटीत धरून बघतेय, कापसातून सरकी काढायची तशी. हसत जागी झाले.

३० एप्रिल, चोपडा

आखाजी, आमची अक्षय्य तृतीया. निंबाला झोका बांधलाय. धुळ्याहून पोचायला दोन वाजले. सगळ्यांची जेवणं झालेली. आईचं ताट तेवढं झाकलेलं, शेजारी तिचा बटणांचा फोन.

"माझ्यासाठी थांबलीस?" तर धाकटा भाऊ हितेंद्र म्हणाला, "ताई, आजनंच नही. पंधरा दिन व्हयनात. तीन-चारले जेवस ती."

खूप खोदल्यावर आई म्हणाली, "साडेबाराले टिंग वाजे. मी समजू, पोर जेवनी. मंग मी बसू. आते वाजतच नही."

कॉलेजात असताना खातं उघडलं तेव्हा माझ्याकडे फोन नव्हता, म्हणून आईचा नंबर दिला होता. तो बदलायचा राहूनच गेला. डेबिट कार्ड लावलं की बँकेचा मेसेज तिच्याकडे जायचा. तिला वाचता येत नाही. पण त्या वेळची टिंग माझी, एवढं तिला ठाऊक. म्हणून तर सात वर्षं विचारलं नाही! आणि नवं कार्ड माझ्या नंबरवर.

मी विमानाची स्वप्नं बघत बसले आणि आई उपाशी. झोक्यावर बसून रडले. आई मागून झोका देत राहिली. तिला वाटलं, आखाजीचं झोक्यावरचं गाणं आठवून रडतेय.

निघताना हितेंद्रला पॉइंटांचं सांगितलं. बजावलं, आईला बोलू नकोस.

२ मे, शुक्रवार

साड्यांखालून डेबिट कार्ड काढलं. आता परत आधी हे कार्ड, मग ताट. बारा अठ्ठावीसला लावलं. अमृतभाऊ म्हणाले, "ताई, आज एवढी घाई?"

विमानाचं राहू दे. राहू दे म्हटलं, तरी दुकानाच्या दारातून वर बघितलंच.

५ मे, सोमवार

सव्वाबारालाच फोन. आई! कामाच्या दिवशी ती कधी करत नाही.

"हितेंद्रनी बठ्ठं सांगं माले. मी जेवनी. रोज जेवीसन तुले फोन करसू. तू ते दुसरंच कार्ड वापर."

मग तीच हळूच, शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात —

"खिडकीनी जागा भेटी ना?"