पाइनमध्ये रिकाम्या हाताने

२ जून, रविवार, दुपार
आज डोंगरावर जाऊन आलो. पाइनमधली ती छोटी पायवाट हल्ली फारच नावारूपाला आली आहे. वनखात्याने बाणाची पाटीही लावली आहे. ब्लँटायर शहरातली जोडपी गाड्या घेऊन येतात, हातात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात आणि परत जातात. एका जोडप्याला सांगितलं, हे जंगल मी लावलंय. भारावले. म्हणाले, "काका, आमचा फोटो काढता का?" बरेच काढले. माझा एकही नाही, कारण काढणारा मीच होतो.

उतरताना विचार पक्का झाला. आमच्या झोंबा गावात बायको गेली की पुरुष दारूला लागतात, नाहीतर बहिणीच्या गावी जाऊन पडतात. मी तसा नाही. मी एकटाही नाही, रेडिओ आहे. पण पुन्हा लग्न करायला हरकत नाही. पद्धत आधुनिक. आधी पाइनमध्ये फेरफटका, वाटेवरच्या बाकावर मागणी, मग रिवाजाप्रमाणे दोन्हीकडचे मध्यस्थ.
संकल्प: महिनाअखेर उरकणे.

३ जून
कोणाशी, ते लिहायचं राहिलं. एनेलेसीशी. डोंगराच्या रस्त्याला वळणावर बटाटे विकते. विधवा, तोंडाने फटकळ, हसली की रस्ताभर ऐकू येतं. वर्षभर रोज तिच्याकडूनच घेतो. घरात बटाट्यांना कोंब फुटलेत.
मला 'दादा' म्हणते. सुरुवात आदराने झालेली केव्हाही चांगली.

८ जून, शनिवार
विचारलं! म्हटलं, पुढच्या शनिवारी पाइनमध्ये जाऊ या का? म्हणाली, "दादा, मी विचारणारच होते, पण जीभ रेटत नव्हती." जीभ रेटत नव्हती! कोट इस्त्रीला दिला.

१५ जून
एनेलेसी आली. कोयता आणि दोरी घेऊन. बरोबर मेलिसे आणि दोरोफे या शेजारणी, त्याही कोयता-दोरीसकट. पाइनमध्ये जायचं म्हणजे सरपणाला, असा बायकांचा सरसकट समज. मी इस्त्रीच्या कोटात. वाटेवर गार्ड भेटला. जुना ओळखीचा. मला सलाम ठोकला आणि बायकांना सरपणाचा परवाना विचारलाच नाही. मेलिसे म्हणाली, "दादा बरोबर असले की रान आपल्या बापाचं!" एनेलेसी माझ्याकडे बघून हसली. माझं वजन तिला कळलं.
येताना एक मोळी मी खांद्यावर घेतली. बाकावर बसलो, पण मध्ये दोरोफे होती.

२२ जून
आज नीट समजावून सांगितलं. रिकाम्या हाताने जायचं, चालायचं, यायचं. दोरोफेने विचारलं, "काय हरवलंय तिकडे?" म्हटलं, काही हरवलेलं नाही, देखावा बघायचा. एनेलेसी म्हणाली, "देखावा मी रोज बघते दादा, डोक्यावर ओझं घेऊन. रिकामी फिरले तर लोक म्हणतील, बाई बिथरली." तिघी पोट धरून हसल्या. मीही हसलो, अंमळ उशिरा.
मग सरपणालाच गेलो. माझ्या मोळीची गाठ आता सुटत नाही. प्रगती आहे.
महिनाअखेरचं जुलैअखेर केलं. घाई मुळात नव्हतीच.

६ जुलै, शनिवार
स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. मेलिसे आणि दोरोफे मैदानावर नाच बघायला. एनेलेसी आणि मी, दोघंच! बाक दिसू लागला तोच धुकं उतरलं आणि झिमझिम सुरू झाली. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, थंडी अशी की दात वाजतात. मागणीचं वाक्य पाठ होतं, पण तोंड उघडलं की वाफ. तेवढ्यात लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हर स्टोन्सी, मुका म्हणावा इतका गप्प. पुढे त्याच्याशेजारी एकाचीच जागा, ती एनेलेसीला दिली. मी मागे ओल्या फळ्यांवर. स्त्रियांना मान द्यावा. खाली पोहोचेपर्यंत पुढून तिचं हसणं ऐकू येत होतं. गप्प माणसाने काय सांगितलं असेल कोण जाणे.

१० जुलै
ताप. बायको, लोनिया, असती तर पेज केली असती. ती गेल्यावर तिच्या गावातलं घर सोडलं. आमच्यात नवरा बायकोच्या गावी राहतो, त्यामुळे जावयाचं घर बायकोबरोबरच जातं. इथे हवा चांगली म्हणून राहिलो, असं सगळ्यांना सांगतो.
कुणी आलं नाही. रेडिओशी बोललो. त्याचीही बॅटरी संपत आली. खरं सांगायचं तर आज फार एकटं वाटलं. तापामुळे असावं.

२७ जुलै, शनिवार, सकाळ
शेवटी आपलंच नाणं खरं! काल एनेलेसी आपणहून म्हणाली, "दादा, उद्या पाइनमध्ये चला. दोघंच. एक गोष्ट बोलायचीय, खाली चार कान असतात." कोयत्याचं नाव नाही! दाढी केली. निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
चाललो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, रिकाम्या हाताने. ऊन झाडांतून वाटेवर पडलं होतं. बाकावर बसलो. मी घसा खाकरला, पण आधी तीच बोलली. "दादा, माझा भाऊ गेला, मामा गेला. माझ्या बाजूने उभं राहायला कुणी नाही. स्टोन्सीचा मामा बोलणी करायला येतोय. तुम्ही माझे मध्यस्थ व्हाल? तुम्ही नसता, तर कुणाला सांगणार होते मी?"
एवढ्या विश्वासाने मला बऱ्याच वर्षांत कुणी काही मागितलेलं नाही.
विचार करून सांगतो म्हणालो. नकार द्यायचा. उद्या.

२८ जुलै
उद्या.

१० ऑगस्ट, शनिवार
स्टोन्सीचा मामा आला. म्हातारा मला बघताच ओरडला, "अरे लिकाकू! पाइन लावायच्या वेळी स्टोअरमध्ये कुदळी वाटायचास तोच ना तू? एक दांडा मोडला तर डोळे वटारायचास!" सगळे हसले. कुदळीशिवाय खड्डा होत नाही आणि खड्ड्याशिवाय झाड लागत नाही, पण हे मी मनात म्हटलं. नकार आज द्यायचा होता. एनेलेसीने मला सगळ्यात मोठा मासा वाढला. राहून गेलं.

२४ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ
झालं.
त्यांनी मागणीचा कोंबडा आणला, मुलीकडची म्हणून आमची कोंबडी मी धरली होती. तिने कोटावर घाण केली. रिवाजाप्रमाणे आत जाऊन मुलीला विचारलं, त्यांचा कोंबडा आलाय, घेऊ का? वाटलं, एक क्षण तरी थांबेल. "घ्या की, दादा!" बाहेर येऊन मोठ्याने सांगितलं, आमची मुलगी हो म्हणते. बायकांनी जल्लोष केला. आवाज खणखणीत लागला असं मेलिसेही म्हणाली.
आता मी तिचा भाऊ. कायमचा.
मग स्टोन्सीच्या मामाने दोघांना समोर बसवून बजावलं, "भांडलात तर शेजारी बोभाटा करायचा नाही, आईकडे पळायचं नाही. पाऊस असो, थंडी असो, आधी लिकाकूचं दार ठोठावायचं. तो ऐकून घेईल." दोघांनी मान डोलावली. मीही डोलावली.
घरी आलो. खोली झाडली. शेजाऱ्याकडून दोन खुर्च्या मागून आणल्या. चहाची पूड बघितली, आहे.
देवा, मी वाईट चिंतत नाही. संसार सुखाचा होऊ दे त्यांचा. पण अधूनमधून भांडण होऊ दे. लहानसंच.