सित्त-इखवातहाच्या मेणबत्तीवर पडलेलं मीठ

आम्हा पाचही भावांची ताई, सित्त-इखवातहा, हिला तांता शहरातून तुझ्या धाकट्या मुतवल्लीचा सलाम आणि हाताचा मुका.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझी भावजय एहसान विचारते आहे की मागच्या वेळी पाठवलेलं तेल चोळतेस की शेजारणीला देऊन मोकळी झालीस. (झालीसच, मला ठाऊक आहे.) म्हैस आता नीट खाते का? बदकांना, डाळिंबाच्या झाडाला आणि मला दोनदा चावलेल्या त्या हंसालाही सलाम सांग. इकडे सगळं ठीक आहे. एहसान ठीक, पोरगी विजदान ठीक, तिची लेक तर लोण्याचा गोळा आहे, दुकानही चालतंय. मी तेवढा ठीक नाही. हे पत्र मुद्दाम एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण तू अक्षराला अक्षर जोडत वाचतेस आणि हे तुझं तूच वाचायचं आहेस. इमामसाहेबांच्या मुलीकडे नेऊ नकोस. पोरगी गुणी आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

परवा मी जन्मनोंदणीच्या कचेरीत गेलो होतो. कशाला, ते पुढे येईलच. तिथल्या कारकुनाला म्हटलं, बाबा रे, सित्त-इखवातहा हे नाव हल्ली कितपत चालतं? त्याने आधी चहा संपवला, मग चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, ‘चाचा, बावीस वर्षांच्या नोकरीत या नावाची एकच बाई पाहिली, तीही नाव बदलून घ्यायला आली होती.’ मग मला अर्थ विचारायला लागला. म्हटलं, आपल्या भावांची मालकीण. तर हसतो मेला! म्हणे, हे नाव आहे की हुद्दा? खरं तर त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती, पण ज्याने स्वतःच शेण खाल्लंय त्याने दुसऱ्याचं तोंड कशाला हुंगावं?

नावाची कुळकथा तुला मी काय सांगणार! पण सांगतो, कारण हल्ली मीच ती विसरलो होतो. तू पहिली. भाऊ एकही नाही, आणि बाप सातव्या दिवशी साऱ्या गावासमोर नाव ठेवतो ‘भावांची मालकीण’. सुईण म्हणाली होती म्हणे, ‘अहो, भाऊ कुठायत? मालकी कशावर, या बकऱ्यांवर?’ बापाने सांगितलं, येतील, नाव ऐकून येतील. आणि आलो की आम्ही, एकामागोमाग एक, पाच! म्हणजे नाव आधी, आम्ही नंतर. पाचवा मी. मी दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा तू अकरा वर्षांची. शाळा सोडलीस आणि मालकीण झालीस. कसली मालकी गं! पाच शेंबडी नाकं, पाच चड्ड्या, आणि भाकरी कधीच पाचांना पुरेल एवढी नाही. तुझी भूक कधी कुणी मोजलीच नाही.

आता माझं पाप. चाळीस वर्षं मी तांत्यात बारशाच्या मेणबत्त्या विकतोय. सात मेणबत्त्या, सात नावं, शेवटी जी जळत राहील ते नाव पोराचं. किती सासवा आल्या असतील दुकानात, ‘मुतवल्ली, आमच्या नावाची जरा लांब दे, तुला बदक पाठवते.’ एकीचंही बदक घेतलं नाही. मेणबत्तीला नातीगोती नसतात, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. (एहसान म्हणते, तो तोराच नडला.) विजदानला मुलगी झाली तेव्हा ती बाळंतिणीच्या खाटेवरूनच म्हणाली, ‘बाबा, एक मेणबत्ती आत्याच्या नावाची.’ मी हो म्हटलं. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन तुझ्या मेणबत्तीत दुप्पट जाड वात घातली, भराभर जळून लवकर संपावी म्हणून. इतकं बारीक काम केलं की चांदीवाल्यालाही कळलं नसतं. कशासाठी? तर विजदानची सासू, नाझली हानिम, कैरोहून येणार होती. तिच्या घरात जुमाना, तालिया, असली अत्तराच्या कुपीसारखी नावं. तिच्यासमोर माझ्या नातीला कुणी ‘सित्त-इखवातहा, दूध पी’ म्हणून हाक मारेल, या विचारानेच मला घाम फुटला होता. लाज वाटली, ताई. तुझी लाज वाटली मला. लिहिलं एकदाचं.

आणि ही पहिली वेळही नव्हती. विजदानच्या लग्नात नाझली हानिमने ‘या कोण?’ विचारलं, तेव्हा मी म्हणालो, माझी ताई, सामिया. तू माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलंस. मग रात्रभर कुणी सामिया म्हणून हाक मारली की ‘ओ’ देत होतीस, सामिया म्हणून जेवलीस, सामिया म्हणून फोटोत उभी राहिलीस. निघताना फक्त एवढंच म्हणालीस, ‘मुतवल्ली, सामिया दमली रे, आता तिला गाडीत बसव.’ मी बसवलं. माफी मागितली नाही. तेव्हाच मागितली असती तर आज एवढी पानं लिहावी लागली नसती.

बारशाचा दिवस उजाडला. बाळ रिवाजाप्रमाणे चाळणीत, विजदान त्याला सात वेळा ओलांडून गेली, एहसानने पितळी खल बडवत बाळाला दरडावलं, ‘आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस!’ (आजोबाचंही ऐकू नकोस, असं तिने स्वतःच जोडलं. तेव्हा मला हसू आलं होतं.) मेणबत्त्या पेटल्या. उकाडा मरणाचा. नाझली हानिमने रुमालाने वारा घेतला, मग म्हणाली, ‘जरा पंखा लावा हो!’ कुणीतरी लावला. आता बघ, चाळीस वर्षांचा मेणबत्तीवाला मी, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही की वाऱ्यात बारीक वात विझते आणि जाड वात तग धरते! फुस्स, फुस्स करत एकेक नाव गेलं. राहिल्या दोन. एक नाझली हानिमची जुमाना, धापा टाकत होती. दुसरी तू. वाऱ्यात आडवी होत होतीस आणि पुन्हा उभी राहत होतीस.

बायका तुझ्या नावाने आनंदाने ‘लुलुलु’चा गजर करणार, एवढ्यात मी दृष्ट काढायचं मीठ उचललं, ‘नबीवर दरूद पाठवा, दुआ म्हणा!’ असं ओरडलो आणि मूठभर मीठ नेमकं तुझ्या ज्योतीवर टाकलं. चर्रर झालं. विझली. सगळ्यांनी जुमाना, जुमाना केलं. नाझली हानिमने मला मिठाई भरवली. विजदान माझ्याकडे बघत होती. तिने पाहिलं होतं.

गुडघ्यांमुळे तू येऊ शकली नव्हतीस; दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, कोणती राहिली रे? मी म्हणालो, ताई, तुझी तर सगळ्यात आधी विझली, अल्लाची मर्जी. तू हसलीस. म्हणालीस, ‘बरं झालं बाई, पोर सुटली. कुणाची नाकं पुसायला नकोत.’ आणि चार दिवसांनी दोन बदकं आणि रुमालात बांधलेली तुझी कानातली आली. आईची कानातली. सोबत निरोप, जुमानासाठी. ताई, माझ्या लबाडीचं खापर मी अल्लाच्या डोक्यावर फोडलं आणि तू ते मानूनही घेतलंस! त्या रुमालाकडे बघून मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, लहान पोरासारखा रडलो. विचारणाऱ्यांना सांगितलं, मेणाचा धूर डोळ्यात गेला.

मला माफ कर असं म्हणायचा तोंडाला अधिकार नाही, म्हणून हातानेच लिहितोय. मी मात्र आता सुधारलोय. घरात सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलंय, नाझली हानिमलासुद्धा, छाती पुढे काढून. तू काळजी करू नकोस.

तुझाच, पाचवा,
मुतवल्ली

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. विजदानने बाळाची नोंद अजून केलेली नाही. पंधरा दिवसांची मुदत आहे (कचेरीत तेच विचारायला गेलो होतो), आज बारावा. ती म्हणते, ‘आत्याला खरं कळवा, मग नाव आत्याच ठरवेल. तोवर माझ्या लेकीला हात लावायचा नाही.’ पाच दिवस मी नातीला लांबूनच बघतोय. गुरुवारच्या आत तूच फोन कर. आणि माझी दया येऊन हो म्हणू नकोस. तुला तुझं नाव द्यावंसं वाटलं तरच दे.

ता. क. दुसरा. वर छाती पुढे काढल्याचं लिहिलंय, ते खोटं आहे. एहसानला आणि मांजरीला सांगितलंय. नाझली हानिमला अजून नाही. मांजरीनेही पाठ फिरवली.

ता. क. तिसरा. पत्र बंद करत होतो तेवढ्यात नाझली हानिम दुकानात आली. म्हणाली, त्या तुमच्या सामियाताईंना कानातल्यांबद्दल धन्यवाद कळवा हं. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, सामिया नावाची मला कुणी बहीण नाही. माझ्या ताईचं नाव सित्त-इखवातहा, आणि शेवटची मेणबत्ती तिचीच होती, मी मीठ टाकलं. पूर्ण नाव घेतलं, मोठ्याने. ती तिथल्याच स्टुलावर बसली. मग म्हणाली, ‘बाई गं, केवढं मोठं नाव!’

मी म्हणालो, हो, पाच जण वाढलोय त्यात.